वरीलपैकी सर्व

संगमेशनं लातुरात राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी इतकी केली, की चहावाल्यानं "काय देऊ?" विचारलं तरी तो चार पर्यायांची वाट बघत उभा राहायचा. डॉक्टरकी हुकली. आता नांदेडच्या क्लासला जाऊन साहेब व्हायचं ठरलं. पण साहेबाच्या परीक्षेत पर्याय नाहीत, लांबलचक उत्तरं लिहायची. क्लासची चाचणी जमली तर बॅच; नाही तर मुखेडला वडिलांच्या भुसार दुकानात. वडील गुरुपादप्पांनी गादीला नवा अभ्रा घालूनही ठेवला होता.

प्रश्न आला : 'मराठवाड्यातील पाणीटंचाईच्या कारणांचे परीक्षण करा.' खाली नुसती कोरी जागा. संगमेशनं पान उलटून मागंही पाहिलं. शेवटी बिचाऱ्यानं स्वतःच पर्याय पाडले : पाऊस कमी, ऊस जास्त, तळ्यात गाळ, वरीलपैकी सर्व. लातूरची शिकवण अशी, की बरोबर कळत नसेल तर चुकीचं आधी उडवावं. त्यानं कागदावरच एकेक उडवायला घेतलं. नुसता पाऊस म्हणावं, तर धो धो पडला त्या सालीही उन्हाळ्यात टँकर आलाच. नुसता ऊस म्हणावं, तर त्याच्या गावच्या माळावर ऊस नाही, टँकर आहे. नुसता गाळ म्हणावं, तर गाळ काढलेलं तळंही शिमग्याला कोरडं. उरलं 'वरीलपैकी सर्व'. त्याला गोल करून तो उठला.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या सुदर्शन सरांनी पेपर घेऊन बोलावलं.

"हे उत्तर हाय का भांडण रे?"

"चुकलं का सर?"

"तेच तर कळंना!" सरांनी पुन्हा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "बाकीच्यांनी पाठ केलेली कारणं ओळीनं मांडलीत. तू एकेकाला उभं करून उलटतपासणी घेतलीस. परीक्षण म्हणजे आणखी काय असतं? बस बॅचला."

संगमेशनं घरी फोन लावला. "अप्पा, घेतलं मला."

"घेतलं? कशामुळं?"

"ते न्हाई कळलं."

"मग नव्या अभ्र्याचं काय करू?" अप्पांनी विचारलं. गादीचं दुःख असावं.

त्या दिवशी सरांनी वर्गाला सांगितलं, "प्रत्येक कारणावर आधी शंका घ्या, उदाहरण द्या, मग निष्कर्षाला या." संगमेशनं ते अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं आणि शेजारच्या शिल्पाला हळूच विचारलं, "लई अवघड हाय गं. तुला जमंल का असं लिहायला?"