पिंपाची ढाल

विनीता लातुरात एका शिकवणीत अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवायची. वय सत्तावीस, अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ही बाई वर्षातून दोन दिवस मुखेडच्या माळावर तलवार घेऊन लढते, असं कुणी तिच्या विद्यार्थ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

तलवार अर्थातच फोमची. नांदेडला इंजिनिअरिंग करताना मार्तंड नावाच्या तिच्या वर्गमित्राने हा खेळ सुरू केला होता. बाहेरच्या देशांत असं खेळतात हे त्याने इंटरनेटवर पाहिलं आणि त्याला राहवलं नाही. तीस-चाळीस जण जमायचे. कुणी सरदार व्हायचं, कुणी हेर, कुणी वैद्य. दोन दिवस त्याच नावाने वावरायचं, आणि गोष्टीत लढाई आली की खरोखर मैदानात उतरायचं. नळाच्या पाइपाला फोम गुंडाळून केलेली तलवार अंगाला लागली तरी दुखत नसे. पण लागली की प्रामाणिकपणे पडायचं, एवढा एकच कडक नियम. विनीता पाच वर्षं खिंडीची राखणदार होत आली होती. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात ढाल. कॉलेज सुटलं, नोकऱ्या लागल्या, कुणाची लग्नं झाली. पण मे महिन्यातले ते दोन दिवस कुणी सोडले नाहीत.

दोन हजार सोळा साली फेब्रुवारीत तिचा डावा हात गेला. म्हणजे हात जागेवर होता, मूठ गेली. नळाला पाणी येऊन महिना उलटला होता, गल्लीत टँकर यायचा आणि सगळी गल्ली त्यावर तुटून पडायची. त्या रेटारेटीत तिचा तळवा टँकरच्या लोखंडी कडीत अडकला आणि मागून लोंढा आला. टाके पडले, जखम भरली, पण शेवटची तीन बोटं वळेनाशी झाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आणि वर्षभर धीर धरा म्हणाले. खडू उजव्या हाताने धरता येत होता, त्यामुळे शिकवणी अडली नाही. अडलं ते बाकीचं सगळं: वेणी, बादली, पोळी लाटणं. आणि ढाल.

एप्रिलात मार्तंडचा फोन आला. त्याला हाताचं कळलं होतं. तो फार जपून बोलला. या वर्षी तू राणी हो, तंबूत बसून हुकूम दे, लढाई आम्ही बघतो, असं त्याने सुचवलं. बोलणं मायेचंच होतं, म्हणून तर तिला रागावताही येईना. तिने बघते म्हणून फोन ठेवला आणि आईला काही न सांगता गच्चीवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शिकवणीवरून येताना तिने प्लायवुडचा एक तुकडा, फोमची शीट आणि डिंकाची बाटली आणली. मुठीत धरायची ढाल जमणार नसेल तर हाताला बांधायची करू, असा तिने हिशेब केला. कागदावर हिशेब बरोबर होता. पण प्लायवुड दहा मिनिटांत खांदा ओढायला लागलं, आणि पांढऱ्या डिंकाने चिकटवलेला फोम गच्चीवरच्या उन्हात पापडासारखा वर आला. दुसऱ्या खेपेला तिने पुठ्ठा घेतला. तो तलवारीच्या पहिल्याच फटक्याला दुमडला. तिसऱ्या दिवशी ती सुतळीने काहीतरी बांधत होती, सुतळीचं एक टोक दातात होतं, तेव्हा जिन्यात माणिकप्पा उभे होते.

माणिकप्पा खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे देगलूरकडचे, एस.टी.च्या वर्कशॉपात गाड्यांची सीटं भरण्यात तीस वर्षं घालवून निवृत्त झालेले. जिन्यात दिसले तर मान हलवायची, यापलीकडे विनीताचा त्यांच्याशी संबंध नव्हता. ते गच्चीवर पिंप बघायला आले होते. त्यांनी तिच्या पायाशी पडलेलं सगळं निरखून पाहिलं.

"काय करून राहिली, माय?"

विनीताने सांगितलं. सांगताना तिला वाटलं, हे आता हसणार. गावात पाणी घेऊन रेल्वे यायला लागली होती, माणसं घरदार बंद करून पुण्या-हैदराबादला निघाली होती, आणि ही खेळातल्या ढालीसाठी रडकुंडीला आलेली. पण माणिकप्पा हसले नाहीत. त्यांनी फोमच्या शीटला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि हा फोम गादीचा आहे, मार खायचा नाही, असं सांगितलं. मग विचारलं, ढालीवर वार कुठून कुठून येतो, कडेला जास्त बसतो का मध्ये, समोरच्याला ढालीची कड लागली तर चालतं का. विनीता इतके दिवस हे कुणाशी बोललीच नव्हती. ती उठून, हातवारे करून, खिंडीत उभं राहणं कसं असतं ते दाखवायला लागली. माणिकप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हात दाव."

त्यांनी खिशातून एक दोरी काढली. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी होत्या. त्या दोरीने त्यांनी तिचा दंड, कोपर, मनगट मापलं. टेप आणू का, असं तिने विचारलं, तेव्हा ते नको म्हणाले.

ढालीच्या आत काय घालायचं हा प्रश्न होता. हलकं हवं, वाकलेलं हवं, मोडता कामा नये. माणिकप्पा गच्चीच्या कोपऱ्याकडे बघत राहिले. तिथे त्यांचं दुसरं, निळं प्लास्टिकचं पिंप होतं, तळाला तडा गेलेलं. दोनदा डांबर लावूनही गळायचं, म्हणून त्यांच्या बायकोने, नीलम्मांनी, त्यात जुनी भांडी भरून ठेवली होती. माणिकप्पांनी जिन्यातून त्यांना हाक मारली. नवरा-बायको बराच वेळ कानडीत बोलले. विनीताला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सूर भांडणाचा वाटला. त्या साली लातुरात गळकं पिंपसुद्धा कुणी उगाच देत नव्हतं. शेवटी नीलम्मांनी तिच्या हाताकडे पाहिलं, व्रणावरून बोट फिरवलं आणि भांडी स्वतःच बाहेर काढायला लागल्या.

पुढचे बारा दिवस विनीता शिकवणीवरून आली की थेट गच्ची गाठायची. पिंपाच्या अंगाचा एक उभा तुकडा कापला, कडेपासून कडेपर्यंत गोलाई आपसूक आलेली. माणिकप्पांनी ओळखीच्या सीटवाल्याकडून घट्ट फोमचे दोन तुकडे आणले. सोल्युशन, म्हणजे सीटवाल्यांचा पातळ गोंद, फोमला आणि प्लास्टिकला दोन्हींना लावायचं आणि लगेच चिकटवायचं नाही, बोट लावून बघायचं, बोटाला ओढ लागली पण डाग लागला नाही की मग दाबायचं, हे त्यांनी तिला शिकवलं. तिचा पहिला डिंक का निघाला ते तिला तेव्हा कळलं. कडेला मऊ फोमचा जाड गोट, जेणेकरून समोरच्याला प्लास्टिक लागू नये. वर जुन्या गाडीच्या सीटचं तपकिरी रेक्झीन. ते त्यांनी दाभणाने शिवलं. दर चार टाक्यांनंतर दाभण तिच्या हातात द्यायचे. डाव्या हाताने नुसतं दाबून धर, बाकी उजव्याने कर, म्हणायचे. पहिले टाके वाकडे आले. त्यांनी ते उसवले नाहीत.

पण खरं काम आतल्या बाजूला होतं. मूठ नव्हतीच. तिच्या जागी त्यांनी फोममध्ये हाताच्या आकाराची खोबण कोरली, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि वरून खाटेच्या नवारीचे तीन पट्टे टाकले. विनीताने हात घातला तो बरोबर बसला. ती आनंदाने काढायला निघाली, तर ते म्हणाले, थांब. खाली दूध तापत ठेवलंय, ते वर आलं म्हणून नीलम्माची हाक येईपर्यंत उभी राहा. ती उभी राहिली. मग त्यांनी हात बाहेर काढायला लावला, कातडी कुठे लाल झाली ते पाहिलं आणि नेमका तेवढा फोम कोरून काढला. असं त्यांनी सात वेळा केलं. सातव्या वेळी हातावर कुठेच खूण उमटली नाही.

त्या दिवशी ऊन कलल्यावर दोघं कठड्याच्या सावलीत बसले होते. विनीताने विचारलं, अप्पा, ही गाठींची दोरी कशाची?

माणिकप्पांनी दोरी खिशातून काढून मांडीवर पसरली. मग त्यांनी सांगितलं. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा नव्या ठिकाणी काम मिळेल म्हणून ते देगलूरहून आले. गाद्या भरता येत होत्या, म्हणून वर्कशॉपात चिकटले. पण लिहिता-वाचता येत नव्हतं, टेपवरचे आकडेही कळत नव्हते. पहिल्याच आठवड्यात बारा सीटांचं रेक्झीन आखूड कापलं गेलं. त्यांचे मिस्त्री रेणुकादास म्हणून होते. त्यांनी ते पाहिलं, कुणाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ही दोरी आणून हातात दिली. पहिली गाठ पाठीची, दुसरी बैठकीची, असं करत सगळ्या गाठी समजावल्या.

"तीस वर्सं त्या दोरीवर भाकर खाल्ली. मला वाचता येत न्हाई हे त्यायनं मरेस्तोवर कुनाला कळू दिलं न्हाई," माणिकप्पा म्हणाले. "तू एकलीच दातात सुतळी धरून झुंजत होती ते पाह्यलं, आन् मला ते मिस्त्री आठवले."

विनीताने दाभण उचललं आणि राहिलेला गोट शिवायला घेतला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती एस.टी.ने मुखेडला गेली, ढाल चादरीत गुंडाळून. त्या वर्षी खेळ माळावर नव्हता. पाझर तलाव तळापर्यंत आटला होता, त्याच्या भेगाळलेल्या पात्रातच मार्तंडने रणांगण आखलं होतं. लढाईआधी प्रत्येक हत्यार तपासलं जायचं. मार्तंडने ढालीची कड अंगठ्याने दाबली, स्वतःच्या मांडीवर आपटून पाहिली, आत हात घालून पाहिला. त्याचा हात खोबणीत मावला नाही. ती एकाच हातासाठी होती.

"राणीचा मुकुट आणला होता तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला दे," विनीता म्हणाली. "खिंड माझी आहे."

त्याने मुकुट पिशवीत परत टाकला आणि वहीत राखणदार म्हणून तिचं नाव लिहिलं.

दोन खडकांच्या मधली जागा म्हणजे खिंड. शत्रूकडून पंढरी आला, गटातला सगळ्यात दांडगा गडी, आणि त्याच्याबरोबर आणखी दोघं. पहिला घाव ढालीवर बसला तेव्हा विनीताचे दात आवळले गेले. हात सुटेल अशी भीती तीन महिने अंगात मुरलेली होती. हात सुटला नाही. दुसरा घाव आला, तिसरा आला. ढाल हाताचाच भाग असल्यासारखी चिकटून होती. तिने एकाला पाडलं, दुसऱ्याला पाडलं, आणि खिंड इतका वेळ धरली की मागची माणसं गड सोडून सुखरूप निघून गेली. शेवटी पंढरीने खडकावरून वळसा घालून तिच्या पाठीत तलवार टेकवली. ती नियमाप्रमाणे पडली. तलावाच्या तापलेल्या मातीवर उताणी पडून ती इतकी हसली, की तू मेली आहेस, अशी आठवण पंढरीने तिला दोनदा करून दिली. हसता हसता डोळे भरून आले, ते मात्र तिने ढालीआड लपवले.

घरी परतल्यावर ती पिशवीसकट आधी खालच्या मजल्यावर गेली. तिने सगळी लढाई सांगितली. नीलम्मा पंढरीवर चिडल्या, पाठीमागून मारणं त्यांना पटलं नाही. माणिकप्पांनी तिचा हात उजेडात धरून पाहिला आणि कुठे काचलं का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी समाधानाने मान डोलावली. मग विनीता खाली वाकली आणि दोघांच्या पाया पडली. शहरी शिकलेली मास्तरीण, असं कधी कुणाच्या पाया पडणारी नव्हती. माणिकप्पा एकदम पाय मागे घेत म्हणाले, "अगं, पिंप तर हिचं होतं."

त्या पावसाळ्यात लातूरवर आभाळ भरभरून बरसलं. पुढच्या मेमध्ये मुखेडच्या तलावात पाणी होतं, खेळ पुन्हा माळावर गेला. विनीताची दोन बोटं वळायला लागली होती, तिसरं अजून नाही. या खेपेला तिच्याबरोबर एस.टी.तून माणिकप्पा आणि नीलम्माही उतरले. फटक्यांनी सुटलेल्या ढाली आणि तलवारी दुरुस्त करायला कुणीतरी हवंच होतं. मार्तंडने नियम सांगितला की मैदानात पात्राशिवाय कुणाला थांबता येत नाही, आणि माणिकप्पांच्या डोक्याला लाल फेटा बांधून त्यांना राज्याचा ढालगर, म्हणजे ढाली घडवणारा कारागीर, केलं. ते आधी फार लाजले. दुपारपर्यंत लिंबाखाली त्यांच्यासमोर रांग लागली होती. मोठमोठे सरदार मोडकी हत्यारं घेऊन अदबीने उभे होते, आणि नीलम्मा प्रत्येकाला आधी पाणी पाजून मगच पुढे सोडत होत्या.