ओढ्याकाठचा बिनखुणेचा फाटा

धरणाच्या भिंतीखाली बसमधून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी आधीच दमलेली होते. वृद्धाश्रमातली नोकरी म्हणजे सहा दिवस म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, भरवायचं. सातवा दिवस झोपेचा. तो बाबांनी मागून घेतला होता.

ते माझ्या आधीच येऊन उभे होते. वय शहात्तर. पाठीवरच्या पिशवीत रंगाचे दोन डबे, ब्रश, झाडाची साल घासायचा तारेचा ब्रश आणि पावात घालून आणलेलं तळलेलं मांस.

"उशीर झाला," बाबा म्हणाले.

"चार मिनिटं."

"तुझी आई कधी..."

"माहीत आहे, बाबा. चला."

बोटिच ओढ्याकाठच्या या वाटेवरच्या खुणा रंगवायचं काम एकतीस वर्षं आई-बाबांकडे होतं. वर पांढरा पट्टा, मध्ये हिरवा, खाली परत पांढरा. झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, पुलांच्या कठड्यांवर. शहरातल्या लोकांनी रविवारी चपला घालूनसुद्धा चालावी इतकी सोपी वाट, पण तिच्याही खुणा कुणीतरी रंगवाव्या लागतात. पदभ्रमण क्लबाचा नियम असा की खुणा रंगवायला दोघं लागतात, एकट्याला वाट देत नाहीत. आई जानेवारीत गेली. मग दुसरं माणूस म्हणजे मी, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. अर्ज भरून त्यांच्या खिशात तयार होता. तो सोमवारी द्यायचा होता आणि त्यावर फक्त माझी सही राहिली होती.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, दुसरं काय! आई जाईपर्यंत तिचं दुखणं मीच काढलं होतं, कामावरून घरी आणि घरून कामावर. आज मी नाही म्हणायला आले होते. फोनवर तीनदा प्रयत्न करून पाहिला होता, पण तिन्ही वेळा बाबांनी मला हवामान सांगितलं.

"आज तू पुढे, मी मागे," त्यांनी फर्मान काढलं. "मला काही विचारायचं नाही, मी काही सांगणार नाही. वाट ठाऊक नसलेला माणूस कुठे चुकतो ते बघायचंय. आता असा माणूस मिळणंच कठीण झालंय. आमच्या ओळखीतले सगळे इथून चालून झालेत."

"मी सोडून."

"हो, तू सोडून." हे त्यांनी जरा जोरातच म्हटलं.

मी अठरा वर्षांची होते तेव्हापासून रविवार उजाडला की ही दोघं करवत, कात्री, रंग घेऊन निघायची आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायची. आईची हाक दारातून यायची, "येतेस का गं, इवोना?" मी झोपेचं सोंग घ्यायची. पुढे पुढे तर सोंग घ्यायचीही गरज उरली नाही.

मी चालू लागले. ओढ्याला पाणी घोट्याएवढं होतं. बदकं, बाबागाड्या, धापा टाकत पळणारी पोटं सुटलेली माणसं. खूण दिसली की मी वळायची. एका पुलाजवळ मी क्षणभर थांबले तर मागून खोकला आला.

"बाबा, खोकणं म्हणजे पण सांगणंच."

"घसा आहे माझा. खोकूसुद्धा नको?"

"डावीकडे जाताना खोकला आणि उजवीकडे जाताना नाही, असा घसा मी पहिल्यांदाच बघतेय."

ते हसले नाहीत, पण खोकला थांबला. त्यानंतर तासभर आम्ही नुसतं चालत राहिलो. माझे पाय आपोआप पडत होते. "बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय" हे वाक्य मनात इतक्यांदा घोळवलं की त्यातला जीवच गेला.

भाजीचे मळे सुरू झाले तिथे वाटेला फाटा फुटला. डावीकडे एक अरुंद लाकडी साकव, उजवीकडे कुंपणाला लागून रुंद रस्ता. खूण कुठेच नव्हती. मी झाडं पाहिली, खांब पाहिले, कठडा पाहिला. मागे वळले तर बाबा एका ओंडक्यावर बसून बुटाची नाडी बांधत होते. जी बांधलेलीच होती. मी उजवीकडे गेले.

सात-आठ मिनिटांनी कुलूप लावलेलं फाटक आलं. आत एक टकला गृहस्थ नळीने वाफे भिजवत होता.

"परत फिरा, बाई, परत फिरा!" तो ओरडला. "गेल्या आठवड्यात शाळेची अख्खी सहल येऊन धडकली इथे. पोरं रडायला लागली. कोण गाढव रंगवतो या खुणा?"

"माझे वडील," मी म्हटलं.

त्याने नळी खाली ठेवली. मग लाल मुळ्यांची एक जुडी उपटली आणि फाटकावरून माझ्या हातात दिली.

मी परत आले तेव्हा बाबा तसेच ओंडक्यावर होते. मी मुळे त्यांच्या शेजारी ठेवले.

"इथे खूण का नाही?"

"इथे कशाला हवी? इथलं सगळ्यांनाच माहीत असतं."

"सगळे म्हणजे कोण?"

ते विचारात पडले. खरोखरच विचारात पडले, कपाळाला आठ्या घालून.

"मी," ते म्हणाले. "आणि ती."

साकवाच्या तोंडाशी वाळुंजाचं एक जुनं झाड होतं. त्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "इथवर आली की तिचा गुडघा बोलायला लागायचा. त्या झाडाला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, 'एवझेन, डावीकडे.' जसं काही मला ठाऊकच नाही! मी म्हणायचो, 'माहीत आहे गं.' दरवेळी. खूण घालायचं कधी डोक्यातच आलं नाही बघ."

मग त्यांनी खिशातून अर्ज काढला, मांडीवर सरळ केला आणि पेन पुढे धरलं. "सही कर. मग आपण दोघं मिळून घालू इथली."

"नाही, बाबा."

"पेन चालत नाहीये का?"

"पेन चालतंय. मी नाही चालणार. मला हे नकोय. मी दमलेय हो. मला रविवारी कुणाच्याही पुढे किंवा मागे चालायचं नाहीये. मला फक्त झोपायचंय."

"तीन वर्षांतून एकदाच तर रंगवायचं असतं."

"आणि दर रविवारी बघायला यायचं असतं. मला शिकवू नका. एकतीस वर्षं रविवारी मी एकटी जेवलेय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"मग ही वाट दुसऱ्या कुणाकडे जाणार," ते म्हणाले.

"जाऊ दे."

"नव्या लोकांना इथलं काय माहीत असणार?"

"नसणारच."

त्यांनी अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला, तारेचा ब्रश घेतला आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. आई ज्या झाडाला टेकायची त्याच झाडाची साल ते घासू लागले. बराच वेळ घासली. मग वरचा पांढरा पट्टा, खालचा पांढरा, मध्ये हिरवा आणि त्याखाली डावीकडे वळलेला बाण. पट्टे सरळ आले. माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. मी ते गिळलं. आज हो म्हटलं असतं तर आजचा दिवस छान गेला असता आणि पुढच्या प्रत्येक रविवारी मी त्यांचा राग राग केला असता.

तेवढ्यात एक वयस्क जोडपं आलं, हातात काठ्या, तोंडात जावयाच्या कागाळ्या. बाईने बोलता बोलता झाडाकडे एक नजर टाकली आणि दोघंही डावीकडे वळून साकव ओलांडून गेली. जावई पलीकडच्या झाडीतूनही ऐकू येत होता.

बाबा ब्रश हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"थांबलीसुद्धा नाहीत," ते म्हणाले.

"चांगली खूण आहे, बाबा."

"हो, चांगली आहे." त्यांनी डबे बंद केले, झाकणं दाबून बसवली. वाट जिथे संपते ते तळं अजून दीड किलोमीटर होतं. मी पुढे व्हायला लागले तर त्यांनी माझी बाही धरली.

"राहू दे पुढचं. वर रस्त्यावर ट्रॅम मिळेल. तू दमलीयेस, इवोना."

आम्ही चढ चढू लागलो. अर्ध्यावर ते थांबले, धाप लागली म्हणून असेल.

"तिचा गुडघा दुखायचा," ते म्हणाले. "तिला मात्र मी 'राहू दे पुढचं' असं एकदाही म्हणालो नाही गं."