खर्जाचा फ्यूज

बूताई गावच्या देवळासमोर भरदुपारी माणसांचा नुसता खच! चांद्र वर्षाचा सातवा महिना, म्हणजे मेलेल्यांना घरी यायला महिनाभर सुट्टी आणि आत्मे बोलावणाऱ्या शू गुरुजींचा हंगाम. त्यांची मिरवणुकीची गाडी मधोमध उभी. मागच्या कपाटाएवढ्या स्पीकरांतून ढोल असा दणाणत होता की बरगड्या हलाव्यात.

गुरुजींनी सगळ्यांदेखत एक फ्यूज उपटला. ढोलाचा दणका गपकन थांबला. आणि गाडीच्या आरशाजवळून पातळसा आवाज आला, "आई, थंडी वाजते गं."

लियाओ काकू मटकन खाली बसल्या. त्यांचा मुलगा च्याहाओ मासेमारीला गेला तो बुडालाच.

"वीज तोडली तरी बोलतोय!" गुरुजी गरजले. "मेलेल्याला छाती नसते, म्हणून आवाज पोकळ. बोल बाळा!"

"आई, सुया टोचून घेऊ नकोस. गुरुजींचं राखेचं पाणी पी."

सुया म्हणजे मी दिलेलं इन्सुलिन. काकूंचा डॉक्टर मीच. त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि हा भामटा त्यांना मंतरलेल्या कागदाची राख पाजत होता. माझं डोकंच फिरलं.

"फ्यूज द्या इकडे."

"डॉक्टर, आत्म्याला धक्का बसेल!"

"बसू दे. मेलेलाच आहे, आणखी काय मरणार?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फ्यूज हिसकावून जागेवर बसवला. मागचे स्पीकर घुमले, आवाजाला खर्ज आला: "आई, मला शांती..."

"अगं बया, हा तर आ-मिंग!" एक म्हातारी ओरडली. "कालवांचं ऑम्लेट विकतो तो! गुरुजींचा मेहुणा!"

मागच्या टेम्पोत माइक धरून बसलेल्या आ-मिंगला लोकांनी कान धरून बाहेर ओढला.

"माझ्याही गाडीत हेच आहे," मी सांगितलं. "क्रॉसओव्हर नावाची डबी आवाज वाटून देते. खर्ज मागच्या मोठ्या स्पीकरांना, बारीक सूर पुढच्या छोट्यांना. दोघांचे ॲम्प्लिफायर वेगळे. गुरुजींनी फ्यूज काढून फक्त खर्जाचा बंद केला, म्हणून आवाज पोकळ."

लोकांनी गुरुजींना त्यांचंच राखेचं पाणी पाजलं, बादलीभर. मला फार बरं वाटलं.

काकू मात्र गाडीला धरून उभ्या होत्या. "डॉक्टर, काढा ना तो फ्यूज. एकदाच."

"काकू, तो आ-मिंग आहे."

"कळलं मला. काढा."

मी काढला नाही. दवाखान्यात नेऊन सुई टोचली. अंगठा गेला, पाय वाचला. काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत, जिवंत तर आहेत!

बाबांनो, अर्धाच आवाज कानावर आला की ज्याला त्याला आपलंच माणूस ऐकू येतं. आधी पुरा ऐका, मग रडा.