एका दोऱ्याचं जहाज

रात्रभर वारा ओरडला आणि सकाळी घसा बसल्यासारखा गप्प झाला. मग समुद्र आला, आमच्या या सखल बेटावर हिवाळ्यात येतो तसा. आरडाओरडा न करता, मांजराच्या पावलांनी आला. आधी बांधाकडचं कुरण, मग मेंढ्यांची वाट, मग बंदराकडे जाणारा रस्ता. दुपारची जेवणं होईस्तोवर आमच्या टेकाडाखेरीज काही उरलं नाही. घर, गोठा, आणि भोवती जिकडेतिकडे राखाडी पाणी. दूरवर शेजाऱ्यांचं टेकाड दिसत होतं, तेही धुक्यात जरा वर उचललेलं, पाण्याला न टेकलेलं.

"आला बघ पाहुणा," मोम्मे खिडकीतून म्हणाला. "त्याच्यापुरताही चहा टाक."

मोम्मे माझा नवरा. पाणी चढलं की विनोद करायचे आणि ओसरलं की मुकाट बसायचं, हा त्याचा जन्मभराचा उद्योग.

"तू ते झाड बांधून संपव आधी," मी म्हटलं. "नाताळ उद्यावर आला, आणि तुझं अजून वेली गुंडाळणंच चाललंय."

झाड म्हणजे काठ्यांचं. या बेटावर वारा खरं झाड उभं राहू देत नाही. म्हणून एक उभी काठी, तिला आडव्या काठ्या, वरून कमान, आणि सगळ्याला हिरवी वेल. त्यावर बिस्किटं टांगायची. खाली आदम आणि हव्वा, त्यांच्या वर घोडा, गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडा, आणि सगळ्यांच्या वर जहाज. बिस्किटं तशी सोपी. मैदा, साखर, लोणी, थोडं दूध आणि फुलायला चिमूटभर खार. भट्टीचं दार उघडलं की या खाराच्या वाफेनं डोळ्यांत पाणी येतं, तेवढं सोसायचं. लाटायचं, पत्र्याच्या साच्यांनी कापायचं, दोऱ्यासाठी भोक पाडायचं, भाजायचं. गार झाली की बीटाच्या रसात पिठीसाखर कालवून त्या गुलाबी रंगानं रंगवायची. कुणालाही जमेल. फक्त जहाज सोपं नाही.

जहाजाच्या साच्याला दिशा एकच, पण बिस्किटाला बाजू दोन असतात. झाड उभं राहतं स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिच्या डाव्या हाताला चूल, उजव्या हाताला बंदर. बिस्किटाची सरळ बाजू रंगवली की जहाजाचं तोंड चुलीकडे होतं, म्हणजे सगळे घरी आहेत आणि घरीच राहणार. पालथी बाजू रंगवली की तोंड बंदराकडे, म्हणजे नव्या वर्षात घरातलं कोणीतरी निघणार. मग जे निघणार त्यांचे ठिपके डोलकाठीखाली द्यायचे, माणसागणिक एक. कुंचला टेकला की ठरलं.

तादे गेला त्या वर्षीही जहाजाचं तोंड चुलीकडेच होतं. तादे माझा मुलगा. कोळंबीच्या बोटीवर होता. बोट सापडली, तो सापडला नाही. म्हणजे बिस्किटाला काही कळत नाही, हे मलाही कळतं. तरी तेव्हापासून दर नाताळाला जहाज मीच रंगवते आणि त्याचं तोंड चुलीकडे ठेवते. बाकीच्यांना एक दोरा, जहाजाला दोन. चुलीच्या वाफेनं बिस्किटं गरगर फिरतात, आणि जहाज फिरलेलं मला चालत नाही.

आणि यंदा वीब्केनं जहाजाला एकच भोक पाडलं होतं.

वीब्के माझी सून, तादेची बायको. तो गेल्यावर तिच्या माहेराहून बोलावण्यांवर बोलावणी आली, पण ती गेली नाही. मेंढ्या सांभाळल्या, मोम्मेचा गुडघा सांभाळला, माझं तोंडही सांभाळलं, आणि ते काही सोपं काम नव्हे.

"हे काय? जहाजाला एकच भोक?" ट्रे बाहेर निघाल्या निघाल्या मी ओरडले.

"अगं बाई! विसरलेच, आई."

"विसरलीस? नाव गाव विसर, भोक कसं विसरतेस? आता पाडायला जावं तर तडकेल ते."

"दुसरं करू का? थोडं पीठ उरलं होतं."

"उरलं होतं. तुझ्या सासऱ्यानं कच्चंच खाल्लंय."

"साखर बघत होतो," मोम्मे म्हणाला.

खरं दुखणं भोकाचं नव्हतं. गेलं वर्षभर वीब्केचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर शुक्रवारी बोटीनं पलीकडे किनाऱ्यावर जायची. का, तर दाताचं काम आहे. असेल. पण वर्षभर? शार्कच्या जबड्यातसुद्धा एवढं काम निघणार नाही. आणि परत यायची ती गाल फुललेले, आणि मफलरला डिझेलचा वास. बोटवाल्यानं तर न विचारताच सांगून टाकलं होतं, की नाव हार्क, बंदरावर इंजिनं दुरुस्त करतो, माणूस भला आहे, बोलतो कमी. मी बोटवाल्याला म्हटलं, "तू जा त्याच्याकडे शिकायला."

वीब्केला मात्र मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, आणि एकदा सांगितल्यावर ती गेली असती. मला ती जायला नको होती, बस. ती गेली की या टेकाडावर दोन म्हातारी, मेंढ्या आणि पाणी, आणि तादेचं नाव घ्यायला तिसरं माणूस नाही. आप्पलपोटी म्हणा मला. आहेच मी.

दिवस लवकर विझला. खिडकीबाहेर आधी निळं झालं, मग पाणी आणि आभाळ एकच होऊन गेलं. वीब्केनं दिवा लावला आणि आम्ही दोघी टेबलाशी रंगवायला बसलो. तिनं घोड्याला आयाळ काढली, एकेक केस सुटा. गाईला ठिपके दिले. कोंबड्याचा तुरा मी रंगवला, तो जरा पसरला.

"हा कोंबडा आहे की मुकुट घातलेला बटाटा?" मोम्मेनं विचारलं.

"तुझ्यावर गेलाय," मी म्हटलं, आणि वीब्के खुदकन हसली. किती दिवसांनी हसली ती. मला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

जहाज तसंच कोरडं होतं. रंगवताना तिनं ते दोनदा हातात घेतलं आणि दोन्ही वेळा टेबलाच्या कडेला सरकवून ठेवलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं. रंग वाळेपर्यंत जरा टेकावं म्हणून मी चुलीजवळच्या बाकावर पाय वर घेऊन बसले. ऊब होती, भाजल्या साखरेचा वास होता, टेकाडाच्या पायथ्याशी पाणी हळूहळू चाटल्यासारखं वाजत होतं.

डोळा लागला की नाही, कोण जाणे. पाणी दाराखालून आत आलं आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. कोमट होतं. ट्रेवरचा घोडा उठला, अंगावरचा मैदा झटकला आणि पाण्यावरून चालायला लागला. त्याच्यामागे गाय, मेंढी, डुक्कर. कोंबडा हव्वेच्या खांद्यावर बसला होता. कोणाला घाई नव्हती. मोम्मेचा दुखरा गुडघा वाटेत आला, त्याला सगळ्यांनी वळसा घातला आणि खिडकीतून निळ्या पाण्यावर निघून गेले. मग जहाज आलं. यात माझा तादे असणार, असं वाटून मी उठायला गेले. पण तादे नव्हता. वीब्के होती. मांडीवर हात ठेवून बसली होती, बंदरावर बोटीची वाट बघते तशी.

जहाज निघालं, टेबलाला वळसा घालून आलं आणि चुलीवर आपटलं. मागे सरलं, पुन्हा आपटलं. तोंडच तिकडे होतं त्याचं, दुसरीकडे जाणार कसं बिचारं? टक्, टक्. दर वेळी कडेचा थोडा चुरा पाण्यात पडायचा. थांबवा कोणीतरी, असं मला ओरडायचं होतं. वीब्के तक्रार करत नव्हती. माझ्याकडे बघून हसत होती, मला वाईट वाटू नये म्हणून.

मी दचकून जागी झाले. टक् टक् चालूच होतं. मोम्मे झाडाच्या बुडाशी खिळा ठोकत होता.

वीब्के माझ्यासमोर उभी होती, हातात जहाज. "एवढंच राहिलंय, आई," ती म्हणाली. "तुम्हीच रंगवता ना दर वर्षी."

मी टेबलाशी गेले. तिनं जहाज माझ्या पुढ्यात ठेवलं, सरळ, तोंड चुलीकडे करून. शेजारी रंगाची वाटी ठेवली, कुंचला धुऊन ठेवला. चेहऱ्यावर कुरकुर म्हणून नाही. चिडली असती, रडली असती, दोन शब्द बोलली असती तर मी भांडून घेतलं असतं, भांडायला मी कधीच तयार असते. पण ती तशीच उभी राहिली, चुलीकडच्या बाजूला, आणि हसली. स्वप्नातलंच हसू. ते मात्र मला सोसलं नाही.

मी जहाज पालथं केलं.

"आई, उलटं धरलंत तुम्ही."

"दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे."

मोम्मेचा हातोडा थांबला. मी शीड रंगवलं. शीड जरा फुगलं, वारा भरल्यागत. मग डोलकाठी काढली, आणि तिच्याखाली एक ठिपका दिला.

"ही तू," मी म्हटलं.

मी कुंचला पुन्हा वाटीत बुडवला आणि पहिल्या ठिपक्याला खेटून दुसरा दिला.

"आणि... हा कोण?" तिचा आवाज एवढासा झाला होता.

"दाताचा डॉक्टर."

वीब्केनं दोन्ही हात तोंडावर घेतले. कान लालभडक. "तुम्हाला कधीपासून..."

"मफलर धूत जा गं अधूनमधून. घरात येतेस तर वाटतं, ट्रॅक्टर आला."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग खालीच बसली, माझ्या मांडीत डोकं घालून, लहान पोरीसारखी. मला तिच्या केसांवरून हात फिरवायचा होता, पण बोटं रंगानं माखलेली. तरी फिरवला. केस गुलाबी झाले थोडे.

"मी सांगणार होते, आई. प्रत्येक शुक्रवारी ठरवायचे. मग तुम्ही दारात उभ्या दिसायच्या आणि..."

"ऐक. मला तू जायला नको आहेस. हे मी लपवत नाही, मला ते सोंग येत नाही. तू गेलीस की मी आठ दिवस कोणाशी धड बोलणार नाही, मेंढ्यांशीसुद्धा. पण जा. चुलीवर आपटून चुरा झालेली सून मला नको."

"चुलीवर?"

"काही नाही. म्हातारीची बडबड."

ती मांडीतूनच म्हणाली, "आणि तादे? त्याच्यासाठी तोंड इकडे ठेवायच्या ना तुम्ही?"

मला वाटलं होतं, ती हे विचारणार नाही. "त्याला घराची वाट पाठ आहे," मी म्हटलं. "माझ्या पोराला बिस्किट कशाला लागतंय?" खारानं डोळे झोंबले, असं मी म्हटलं असतं, पण भट्टी कधीच गार झाली होती.

मोम्मे गुडघा धरून उठला. "वाळलं असेल तर द्या इकडे," तो म्हणाला. "जागा ठेवलीय."

मी वर पाहिलं. सगळं झाड वेलीनं गच्च भरलं होतं. बंदराच्या बाजूची वरची काठी तेवढी त्यानं मोकळी सोडली होती, आणि वेल तर मी जहाज पालथं करायच्या कितीतरी आधीच गुंडाळून झाली होती.

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं?"

"दाढदुखीवर लवंगा दिल्या होत्या मी तिला," तो म्हणाला. "गेल्या वसंतात दिल्या. अजून तिच्या कोटाच्या खिशात आहेत."

"आणि मला बोलला नाहीस! मेल्या, आपण एका ताटात जेवतो!"

"तू तरी कुठे बोललीस?"

मी जहाज उचलून वीब्केच्या हातात दिलं.

जहाज वीब्केनं टांगलं. भोक एकच, म्हणून दोरा एकच. तिनं गाठ मारली, हात काढून घेतला आणि मागे सरली. चुलीची ऊब वर चढत होती. जहाज क्षणभर बंदराकडे तोंड करून थांबलं, दोन्ही ठिपके दिव्यात चमकले. मग हळूहळू वळायला लागलं. ठिपके दिसेनासे झाले, बिस्किटाची कोरी बाजू आली आणि तोंड चुलीकडे झालं. पुन्हा वळलं, पुन्हा बंदर. मागच्या काचेत काळं पाणी होतं आणि जहाज त्यावरच तरंगतंय असं वाटत होतं.

"बघ, फिरतंय," मी म्हटलं. "म्हणून सांगत होते, दोन भोकं पाड. घटकेत बंदर, घटकेत चूल. याला काय अर्थ आहे?"

"फिरू दे ना, आई," वीब्के म्हणाली, आणि माझा रंगलेला हात तिनं आपल्या हातात घेतला.