डाव्या हातानं उघडलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. घराचा नव्हे, देवळाचाही नव्हे. त्यांच्या नशिबी तोरणं असतात, रांगोळ्या असतात. मी एका पांढऱ्या मोटारीचा दरवाजा, पुढचा, डावीकडचा. माझ्या कडेला वीतभर लांब निळा ओरखडा आहे. तो रंग माझा नाही. तो कुठून आला हे एकदा सांगून टाकू द्या, म्हणजे मी सुखानं गंजायला मोकळा.

कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, काच बसवली, मागचं दिसावं म्हणून कानाशी आरसा लावला. तिथून मी आयसेल नदीकाठच्या या गावात आलो ते थेट लुबर्टच्या हाती. लुबर्ट डायकेमा, गाडी शिकवणारा मास्तर. गाडीच्या टपावर शिकवणीची निळी पाटी चढली आणि पहिल्याच दिवशी एक घामेजलेली पोरगी माझ्या आत येऊन बसली.

आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात आणि चालवणारा डावीकडे बसतो. म्हणजे मी त्याच्या डाव्या हाताशी, आणि माझ्या बाहेर सायकलींची वाट. सायकली तरी किती म्हणाल! दूधपित्या पोराला पुढच्या खोक्यात बसवलेली आई, छत्री धरून एका हातानं चालवणारा कारकून, ऐंशीच्या आजीबाई. गाव सगळं सायकलीवर. लुबर्टसुद्धा घरून सायकलनंच यायचा. मी त्याच्या कचेरीसमोर उभा असायचो, संध्याकाळी तो मला कुलूप लावायचा आणि सायकलवर टांग मारून घरी.

शिकणाऱ्याला तो पहिला धडा गाडी बंद ठेवूनच द्यायचा.

"दार उघड बघू."

शिकणारा जवळच्या, म्हणजे डाव्या हातानं माझी मूठ ओढायचा.

"मेला एक सायकलवाला," लुबर्ट शांतपणे म्हणायचा. "बंद कर. आता उजव्या हातानं."

उजवा हात माझ्यापर्यंत आणायचा तर अख्खं अंग वळवावं लागतं. अंग वळलं की मान वळते, मान वळली की डोळे मागे जातात, आणि मागून येणारी सायकल दिसते. एवढीशी युक्ती. "दूरचा हात दाराला," तो म्हणायचा, "पाठ करू नका. हातात मुरू द्या. एक दिवस डोकं झोपलेलं असेल, तेव्हा हात जागा असला पाहिजे."

किती जणांच्या हातात त्यानं हे मुरवलं असेल! गावातले दोन डॉक्टर, नगरपालिकेचे निम्मे लोक, एक पोलीसबाई. मला त्याचा अभिमान होता. अहो, दरवाजाला तरी दुसरं काय हवं असतं? आपल्यामुळे कुणाचं वाईट होऊ नये, बस्स.

त्या दिवशी लुबर्टच्या बायकोचा, यांतिनाचा, साठावा वाढदिवस होता. गुरुवार, बाजाराचा दिवस. तीन वाजता पाहुणे येणार, खुर्च्या गोल मांडून झालेल्या, आणि केक अजून बेकरीत. साठीचा केक, खोका सायकलच्या टोपलीत मावेना. वर वारा असा की रस्त्यातली माणसं हातातली फुलं धरून वाकडी चालत होती. "गाडी घेऊन जातो," लुबर्ट म्हणाला आणि कचेरीशी आला.

आणि कित्येक महिन्यांनी तो माझ्या बाजूला बसला. एरवी त्याची जागा उजवीकडची, शिकवणाऱ्याची.

बेकरीसमोर गाडी लागली. गावातल्या मनोऱ्याच्या घड्याळात दोनला दहा कमी. लुबर्टनं पट्टा काढला. त्याच्या ओठांवर यादी चालू होती: केक, मेणबत्त्या, लोणी. आणि त्याचा हात माझ्या मुठीवर आला.

डावा हात.

मला कळलं. मुठीला हात ओळखता येतो हो, चुकत नाही. आरशाला तर ती आधीच दिसली होती: निळी सायकल, तांबडा गळपट्टा, वाऱ्याला कपाळ दिलेलं. मी अडकायला हवं होतं. पूर्वी मी अडकायचो, कुरकुरायचो. पण त्याच आठवड्यात लुबर्टनं माझ्या बिजागरीत तेल घातलं होतं. मी विनातक्रार उघडलो, आणि वाऱ्यानं मला पुढं सताड उघडलं.

सायकलचं हँडल माझ्या कडेवर आदळलं. सायकलवरची बाई माझ्यावरून पलीकडे गेली आणि डाव्या मनगटावर पडली.

पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो, वाऱ्यानं ओढलं, माझं काय चुकलं? खोटं. वारा नंतर आला. आधी मी उघडलो.

तिचं नाव रुलीन. चौतीस वर्षांची. गावाच्या मनोऱ्यात सत्तेचाळीस घंटा आहेत, त्या वाजवणारी ती. वरच्या खोलीत लाकडी दांड्यांची मोठी पेटी असते. मुठींनी दांड्या ठोकायच्या, पायांनी खालच्या फळ्या दाबायच्या, आणि डोक्यावरच्या घंटा गाऊ लागतात. दर गुरुवारी दोन वाजता ती बाजारासाठी वाजवायची. त्या दिवशी तिकडेच निघाली होती.

लुबर्ट तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा पांढराफटक.

"माझंच चुकलं," रुलीन दातांवर दात दाबून म्हणाली. "मनात सूर घोळवत होते. तंद्रीत गाड्यांच्या फार जवळून आले. सॉरी हं, तुमचं दार..."

तिचं मनगट भलतीकडेच वळलेलं, आणि बाई दाराची माफी मागतेय! लुबर्टनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. त्यानं तोंड मिटलं.

पोलीसबाई आली. त्याच्याकडेच शिकलेली ती.

"दार उघडताना मागे पाहिलंत ना, मास्तर?" तिनं लिहितालिहिता विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"पाहिलं."

"तुम्हाला काय विचारायचं म्हणा! मला तुम्हीच तर शिकवलंत." आणि तिनं तसंच लिहिलं.

'लोका सांगे ब्रह्मज्ञान' म्हणतात ना, ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं. साक्षीदार दोनच, तो आणि मी. त्यानं अळीमिळी गुपचिळी केली, आणि मला तर तोंडच नाही.

केक मात्र घरी पोचला. आमच्या गावात खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, आतला दिवाणखाना रस्त्यावरून दिसतो. मला सगळं दिसत होतं. आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घरादाराचं करतात. लुबर्ट आत शिरला आणि पंधरा माणसं उठून त्याचा हात हातात घ्यायला लागली. "बायकोबद्दल अभिनंदन, लुबर्ट!" "अभिनंदन हं!" तो प्रत्येकाला डावा हात देत होता. का, ते त्यालाही कळलं नसेल. उजव्या हातात केकचा खोका तसाच, कुणीतरी काढून घेईपर्यंत.

त्या गुरुवारी घंटा वाजल्या नाहीत. पुढच्याही नाहीत. मनोऱ्यातलं यंत्र दर पाव तासाला आपली ठरलेली सुरावट काढायचं, पण तिला जीव नव्हता. रुलीनच्या मनगटात लोखंडी पट्टी बसवली होती. हात पूर्वीसारखा चालेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. आणि ऐकलं ते असं की तिनं सायकल कोठीत टाकून दिलीय, बाजारालासुद्धा पायी जाते. रस्त्यावर आता आपला भरवसा नाही म्हणते. इथल्या माणसानं सायकल सोडणं म्हणजे बदकानं पाणी सोडणं.

लुबर्ट तिच्याकडे फुलं घेऊन गेला. दोनदा. धड्याला आला की माझ्याकडे न बघता उजवीकडून आत बसायचा. ओरखडा काढून देतो म्हणून रंगारी मागे लागला होता, त्याला लुबर्टनं तीनदा टोलवलं. आणि चोराच्या मनात चांदणं, तसं त्याचं झालं. रस्त्यात सायकलची घंटी वाजली तरी दचकायचा.

असे दोन महिने गेले. मग एक दिवस नुर्तेनबाईचा धडा होता.

नुर्तेनबाई धोबीखान्यात कामाला, वय त्रेचाळीस, परीक्षेत दोनदा नापास आणि तोंड असं की मास्तरसुद्धा बिचकून असायचा.

"हात कुठला, नुर्तेनबाई?"

"उजवा, उजवा. झोपेत सांगेन. नवऱ्याला ताट वाढतानासुद्धा मागे वळून बघते हल्ली." तिनं मला नीट उघडलं, नीट बंद केलं. मग डोळे बारीक करून म्हणाली, "मास्तर, एक विचारू? रागावणार नसाल तर?"

"विचारा."

"मी केव्हापासून बघतेय. मला सांगता उजवा हात, आणि तुम्ही स्वतः रोज डाव्या हातानं उघडता!"

लुबर्ट हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, मी बसतो उजवीकडे. माझं दार माझ्या उजव्या हाताशी. मग मला दूरचा हात कुठला? डावा. म्हणून डावा. नियम तोच."

"अस्सं." बाई विचारात पडली. "किती वर्षं बसताय तिकडे?"

"एकतीस."

"म्हणजे एकतीस वर्षं डावा हात. आणि कधी इकडे, माझ्या जागी बसलात तर?"

"तर उजवा."

"ते डोक्याला माहीत. पण हाताला कळतं का, आपण कुठं बसलोय ते?"

लुबर्टचं हसू ओठांवरच वाळलं. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिला. हातात मुरू द्या, म्हणायचा ना? मुरलं होतं. त्याच्याच हातात सगळ्यांत जास्त मुरलं होतं, पण दुसऱ्या जागेवरचं. त्या दिवशी डोकं केकमध्ये होतं, हात जागा होता, आणि जाग्या हातानंच घात केला. 'एकतीस वर्षांचा हात चुकणार नाही, बघितलंच असेल मी,' अशी जी समजूत तो स्वतःला रोज घालत होता, तिचा टेकू एका धोबिणीनं काढून घेतला.

"काय झालं, मास्तर? पाणी देऊ?"

"गाडी काढा," तो म्हणाला. "कालव्याजवळच्या गल्लीत. मी सांगतो कुठं ते."

रुलीन दारात आली तेव्हा तिच्या मनगटाला पट्टा होता. लुबर्टनं तिला गाडीपाशी आणलं, नुर्तेनबाईला मागच्या जागी बसवलं आणि स्वतः माझ्या बाजूला बसला.

"बघ," तो म्हणाला, आणि डाव्या हातानं मला उघडलं. "त्या दिवशी असं उघडलं मी. मागे पाहिलं नाही. पोलिसांना पाहिलं म्हणून सांगितलं. तू जवळून येत नव्हतीस. तू बरोबर तुझ्या वाटेनं येत होतीस."

रुलीननं वाकून माझा ओरखडा पाहिला. मग बोलली ती अशी, की समोरच्या घरातली आजी खिडकीशी आली.

"दोन महिने! दोन महिने मी मलाच शिव्या घालतेय. सायकलकडे बघवत नाही. आणि तुम्ही माझ्या घरात बसून माझ्या हातची कॉफी प्यालात? एकाच हातानं केली होती ती! काळजी घे म्हणालात! लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली."

"मग रोज यायचं होतंत!"

"माफ..."

"माफी-बिफी आत्ता मागू नका, लुबर्ट. आधी पोलिसांत जा."

आणि तिनं चांगल्या हातानं मला धाडकन लावलं. काच थरथरली. इतकं लागलं, पण खरं सांगतो, बरं वाटलं. मागच्या जागेवरून नुर्तेनबाई हळूच म्हणाली, "चला मास्तर, मी नेते. आज माझा धडा बुडाला तरी चालेल."

पोलीस चौकीत काय झालं ते मला दिसलं नाही. बाहेर आला तेव्हा लुबर्टचे डोळे लाल होते. "फाडलं पोलीसबाईनं जुनं," एवढंच नुर्तेनबाईला म्हणाला. "नवं लिहिलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं."

त्या आठवड्यात रुलीननं कोठीतून निळी सायकल काढली. मला माहीत आहे, कारण ती कचेरीसमोरून, अगदी माझ्या कडेनं गेली. मुद्दाम गेली असणार. लुबर्ट माझ्या बाजूला बसला होता. त्यानं मान वळवून मागे पाहिलं, ती गेली, आणि मगच उजव्या हातानं मला उघडलं. ती थांबली नाही.

यालाही आता बरीच वर्षं झाली. गाडी भंगारात गेली. लुबर्टनं मात्र मला स्वतःच्या हातानं सोडवून घेतलं. लाकडी चौकटीवर बसवून, पुढे एक खुर्ची ठेवून, आता मी गावच्या शाळेच्या अंगणात उभा आहे. वसंतात मुलांची सायकलची परीक्षा असते. त्याआधी आईबाप एकेक करून या खुर्चीवर बसतात, मला उघडतात, आणि मुलं बाजूनं सायकली घेऊन जातात. म्हातारा लुबर्ट काठी टेकून उभा असतो. "मेला एक सायकलवाला" असं आता तो म्हणत नाही. नुसता माझ्या ओरखड्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, "हा मी केला."

मलाही तेवढंच सांगायचंय. मी उघडायलाच जन्मलोय, मला थांबता येत नाही. थांबणं तुमच्या हातात आहे. कुठंही बसा, डावीकडे, उजवीकडे, मागे, दूरचा हात दाराकडे आणा. पण हातावर विसंबू नका. हात आंधळा असतो. बघायचं ते तुम्हीच बघा. माझ्याबाहेर एक रस्ता आहे, आणि तो माझ्यापेक्षा सायकलवाल्यांचा जास्त आहे.

आज गुरुवार. दोन वाजले. रुलीन वाजवतेय. बाजार थांबून ऐकतोय, कुणीतरी म्हणतंय, काय हात आहे बाईचा! पण खालच्या सुरांतली एक मोठी घंटा आहे, डाव्या मुठीची. तिचा ठोका दर वेळी किंचित उशिरा पडतो. गावाला ते कळत नाही. लुबर्ट काठीवर वाकून तेवढ्या ठोक्याची वाट बघत असतो, आणि मीही.