रुखवतातलं बुद्धिबळ

लग्न ठरल्यापासून तेजश्रीने एकच शब्द धरून ठेवला होता. बरं. हळदीला साडी पिवळी घ्यायची का? बरं. जेवणात वांगं ठेवायचं का मटकी? बरं, काहीही. एवढ्या गुणाची पोरगी अख्ख्या चौसाळ्यात नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या. बायकांचं काय, मुलगी बोलायची थांबली की त्यांना ती गुणाची वाटायला लागते.

खरं तर तिला काही वाटतच नव्हतं. राग नव्हता, रडू नव्हतं, हौसही नव्हती. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा घेतला तरी दुसऱ्याला घेतल्यासारखा लागतो. तिचं सगळंच तसं झालं होतं.

हे सुरू झालं दिवाळीनंतर. शाळेत असल्यापासून ती बुद्धिबळ खेळायची. तालुका, जिल्हा, विभाग करत एकदा राज्यापर्यंत जाऊन आली. बीडच्या कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली, नागपूरचं तिकीटही निघालं, आणि त्याच आठवड्यात चकलांब्याचे पाहुणे तिला बघायला येतो म्हणाले. मुलगा राम, तलाठी. तेजश्रीचे वडील बजरंग हायवेला लागून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवायचे. हिशेबी माणूस. ते म्हणाले, "स्पर्धा दरसाल येती. असं स्थळ दरसाल येत न्हाई." त्यावर ती पहिल्यांदा म्हणाली, बरं.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. मध्यस्थ होता पंडित नावाचा, बोलण्यात तरबेज, त्याने तेवढ्यात सांगून टाकलं की मुलगी बुद्धिबळात राज्यात चमकलेली आहे. व्याह्यांनी ते गावभर केलं. निरोप आला, "सूनबाईचे कप रुखवतात मांडा, आमच्या पाहुण्यांना बघू द्या." आता कप मांडायचे तर शेजारी बुद्धिबळ हवं. आणि तेजश्रीचं बुद्धिबळ म्हणजे रेक्झिनचा गुंडाळायचा पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या, त्यातल्या एका घोड्याचं तोंड उंदराने खाल्लेलं. असलं रुखवतात ठेवून चारचौघांत हसं कोण करून घेणार?

गंमत बघा, हीच पोरगी आठवीपासून लाकडी संच मागत होती. तेव्हा बजरंगचं उत्तर ठरलेलं असायचं, "प्लास्टिकचा राजा काय अन् लाकडाचा काय, हरायचा तो हरतोच." आता तोच माणूस बस्त्याच्या दिवशी बीडला, साड्या बांधून झाल्यावर, तिच्या आईला जीपमध्ये बसवून पोरीला घेऊन खेळाच्या सामानाचं दुकान शोधत निघाला.

दुकानदाराने आधी काढला तो दिखाऊ संच. हत्तीच्या जागी खराखुरा सोंड वर केलेला हत्ती, उंटावर झूल, राजाला छत्री, सगळ्यांवर रंगीत खडे. बजरंग खूश झाले. "हे बघ की! हत्ती हत्तीसारखा दिसायलाय. लांबून बघितलं तरी कळतंय."

"हे न्हाई," तेजश्री म्हणाली.

बजरंगनी मान वळवून बघितलं. 'बरं' सोडून तिच्या तोंडून दुसरं काही आलं होतं. "कावून?"

"ह्याच्यानं खेळता येत न्हाई, पप्पा. कोण प्यादं अन् कोण उंट, पटकन कळत न्हाई. हात लावला की खडे निघतेत."

दुकानदार हुशार होता. तो शिडी लावून माळ्यावर चढला आणि धूळ पुसत एक लांबट पेटी घेऊन उतरला. एका साहेबांनी मुलासाठी मागवली होती, साहेबांची बदली झाली, पेटी पडून राहिली. आत वर घडीचा लाकडी पट, खाली मखमलीच्या खाचांमध्ये सोंगट्या झोपलेल्या. काळ्या बाजूच्या शिसवीच्या, पांढऱ्या बाजूच्या फिक्या पिवळ्या लाकडाच्या. नक्षी नाही, खडे नाहीत.

तेजश्रीने आधी घोडा उचलला. संच कसा आहे हे घोडाच सांगतो. बाकीच्या सोंगट्या लेथवर फिरवून होतात, घोडा हाताने कोरावा लागतो. याच्या आयाळीतली रेघ न् रेघ सुटी होती, नाकपुड्या फुगलेल्या, डोळे दोन्हीकडे सारखे. मग तिने वजीर तळहातावर घेतला. तळात वजन भरलेलं, खाली हिरवी मखमल. बोटाने जरा कलता केला तर डुलून पुन्हा उभा राहिला. तिने चार प्यादी काढून पटाच्या एका घरात बसवून बघितली. बरोबर बसली.

"चार प्यादी एका घरात मावली पाहिजेत, पप्पा. मग पट अन् सोंगट्या एकमेकाला शोभतेत. न्हाईतर डाव दाटतो." ती सांगत सुटली. राजाची उंची, पटाची चमक डोळ्यावर का येऊ नये, वजन का लागतं. छातीत काहीतरी सुरू झालं होतं आणि ते तिला स्वतःला ऐकू येत होतं.

बजरंगनी किंमत ऐकून टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. रुखवताच्या मानाने हा संच अगदीच साधा दिसत होता. पण पोरगी कितीतरी महिन्यांनी एवढं बोलली होती. ते म्हणाले, "घे. तुला पाहिजे तेच घे. लगीन तुझं हाय."

घरी येताना पेटी तिच्या मांडीवर होती. रामने फोनवर एकदा म्हटलं होतं, "लग्नानंतर खेळ की, कोण नको म्हणायलंय? मलाबी शिकव." तेव्हा ती बरं म्हणाली होती. आता तिला ते वाक्य नीट ऐकू आलं. चकलांब्याचं घर कसं आहे, माणसं कशी आहेत, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. पण संध्याकाळी कामं आटोपल्यावर हा पट तिथे मांडता येईल, समोर कोणीतरी बसेल. नाही बसलं तर दोन्ही बाजूंनी एकटी खेळेन. एवढं मिळालं तर बाकीचं ती निभावून नेणार होती. लग्नाच्या एवढ्या मोठ्या यादीत तिला हवी असलेली ही एकच वस्तू होती.

घरी आईने पेटी कपाटात ठेवून कुलूप घातलं. "नवं ते नवं दिसू दी. खेळायला जन्म पडलाय."

रुखवत वच्छलाआत्याकडे होतं. बजरंगची ही थोरली बहीण. आत्याच्या रुखवताला पंचक्रोशीत तोड नव्हती. भोपळ्याची बैलगाडी, नारळाला डोळे काढून फेटा बांधलेला नवरदेव, रंगीत तांदळांची सप्तपदी. सगळं स्वतःच्या हातचं, आणि भाचीसाठी म्हणजे तर जीव ओतून. सामान टेंपोने मंगल कार्यालयात जाणार त्या दिवशी तेजश्रीच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ओली मेंदी. पेटीला हात लावायची सोय नव्हती.

"कसं मांडायचं तेवढं सांग," आत्या म्हणाली. "बाकी मी बघते."

तिने सांगितलं. उजव्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. कडेला हत्ती, मग घोडा, मग उंट. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्यात. आत्याने दोनदा म्हणून दाखवलं, एकदाही चुकली नाही.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, हार झाले, पंगती बसल्या. मग नवरीकडच्यांनी व्याह्यांना रुखवत बघायला बोलावलं. तेजश्री आणि रामही गेले. लांबलचक टेबलावर सगळा थाट, मागे तिचे कप ओळीने, आणि मधोमध पट. आत्याने शब्द न् शब्द पाळला होता. वजीर आपापल्या रंगात, घोडे समोरासमोर तोंड करून. दिव्यांच्या प्रकाशात शिसवीवर तांबूस झाक आली होती. दिवसभर सुन्न फिरत असलेली तेजश्री तिथे आल्यावर थांबली. तिला बरं वाटलं. खरोखरचं बरं.

"काय वैनी, एक फोटो पायजे!" फोटोवाल्याने खुर्च्या ओढल्या. "दादा तिकडनं, तुमी हिकडनं. हां. आता वैनी, एक चाल करा. नजर दादाकडं ठिवा."

तिने राजापुढच्या प्याद्याला बोटं लावली. प्यादं उचललं गेलं नाही. तिला वाटलं, बांगड्या अडल्या असतील. पुन्हा उचललं तर त्याबरोबर पटच वर आला.

"न्हाई हलायचं ते!" मागून आत्याचा आनंदी आवाज आला. "समदे चिकटवलेत. फेविक्विक लावून. टेंपोत एक पडला असता म्हंजे? मागं एका रुखवतात काचेचा ताजमहाल पडला तर वर्षभर लोक त्येच बोलत व्हते. आता कसाबी न्या, धक्काबी लागायचा न्हाई."

लोक हसले. विहीणबाईंनी कौतुकाने मान डोलावली. फोटोवाला म्हणाला, "लई भारी. हलायचं न्हाई तर फोटोबी हलायचा न्हाई." राम मोकळेपणाने हसला. "बरं झालं. हरायची भीती गेली."

तेजश्री सोंगट्यांकडे बघत राहिली. प्रत्येक सोंगटीच्या बुडाशी वाळलेल्या डिंकाची पांढुरकी कड दिसत होती. एकही सोडली नव्हती. आत्याचं काम कधी अर्धवट नसायचं.

तिने प्यादं मुठीत धरलं आणि पिळून ओढलं. कट्ट असा आवाज झाला. प्यादं हातात आलं, बुडाची हिरवी मखमल पटावरच राहिली. हसणं थांबलं. तिने प्यादं दोन घरं पुढे ठेवलं.

"तुमची चाल," ती रामला म्हणाली.

रामचा हात आपल्या बाजूच्या एका प्याद्यावर गेला. त्याने ते धरलंसुद्धा. तेवढ्यात त्याची आई म्हणाली, "अगं बाई, शुभकार्यात कुठं मोडतोड!" त्याने आईकडे बघितलं, भोवतालच्या माणसांकडे बघितलं आणि हात काढून घेतला.

"राहू दी," तो हळूच म्हणाला. "लोक बघायलेत."

बजरंग गर्दीतून लगबगीने आले. व्याह्यांकडे बघून हसत म्हणाले, "एक जरा कच्चं बसलं व्हतं वाटतं. आत्ता बसवतो." आत्याच्या पिशवीतून त्यांनी ट्यूब घेतली. टेबलाशी वाकून त्यांनी प्यादं उलटं करून बघितलं. बुडाचं शिसं उघडं पडलं होतं. मग प्यादं जुन्या जागी ठेवायला गेले, आणि थांबले. लेकीकडे न बघताच, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "कुठं ठिवू?"

"पुढंच. मी ठिवलं तिथं."

बजरंगला खेळातलं काही कळत नव्हतं. असं एकच प्यादं पुढे ठेवलेलं चालतं का, चारचौघांत वेडंवाकडं दिसतं का, काही ठाऊक नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. थेंब टाकला, तिने ठेवलं होतं त्याच घरात प्यादं बसवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. डिंकाला तेवढा वेळ लागतो. ते वाकलेलेच राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आता फेविक्विकचा वास डोळ्यांना झोंबतोच म्हणा. ते काहीतरी बोलणार होते. फोटोवाल्याने पुढच्या फोटोसाठी नवरीला हाक मारली, आणि ती उठून गेली.

पाठवणीला सगळे रडले. आत्या सगळ्यांत जास्त. बजरंगनी टोपी तोंडावर धरली. तेजश्री वाट बघत होती की आता आपल्यालाही रडू येईल. आलं नाही. पोरगी धीराची आहे, असं बायका म्हणाल्या.

पट मधून मिटायचा होता, पण सोंगट्या चिकटवल्यावर मिटणार कसा? पेटी रिकामीच टेंपोत गेली. पट तसाच मांडलेला, नवरीच्या मांडीवर, फुलं लावलेल्या गाडीत आला. बीड मागे पडलं. गाडी गेवराईच्या रस्त्याला लागल्यावर रामने तिच्या मांडीकडे बघितलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला काहीतरी बोलायचं होतं.

"आता कुणाची चाल हाय?"

"तुमची."

त्याने एक काळं प्यादं दोन बोटांत धरून हलवून बघितलं. मग जरा हसला, हात मागे घेतला आणि खिशातून फोन काढला. पुढे एका गतिरोधकावर गाडी दाणकन आदळली. रामचं डोकं टपाला लागलं, हार घसरला, तेजश्रीच्या बांगड्या वाजल्या. पटावरचं काही हललं नाही.