अंजनाबाईंचा उंबरा आणि बेटवाडीची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कळंबच्या सुताराने मला घडवलं. धरण भरलं, खालचं गाव बुडालं, टेकडीवरची बेटवाडी पाण्यात एकटी उरली. तेव्हापासून तिथल्या माणसांची मी ने-आण करते. घोडेगावच्या बाजाराला कोण किती जड जातो नि किती जड परततो, हे माझ्या बुडाला बरोबर कळतं. नवी होते तेव्हा मला हार घालत. आता पत्र्याची ठिगळं घालतात.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खालचं गाव चिखलातून वर येतं. मग जो तो माझ्यातून तिकडे जातो, आपल्या बुडालेल्या घराचा दगडी उंबरा शोधून धुतो आणि त्यावर घटकाभर बसतो. उंबरा जागचा हलवला तर पाणी त्या घराच्या मागं लागतं, असं म्हातारी माणसं सांगतात. पाहुण्यांना सांगताना ती हसतात. पण हलवत कुणी नाही.

यंदा अंजनाबाईंच्या उंबऱ्याच्या जागी नुसता खड्डा होता. संशय रविंद्रवर, माझ्या नावाड्यावर. तो शहरातले पाहुणे फिरवतो आणि त्यांना असले जुने दगड फार आवडतात, एवढं पुरलं. सगळ्यांत मोठ्यानं बोलले गेणभाऊ. रविंद्रचं पोट वल्ह्यावर. तेच काढून त्यांनी आपल्या पुतण्याला, अमृतला दिलं. मला मात्र एक पहाट आठवत होती. गेणभाऊ एकटेच मला घेऊन गेले होते, आणि येताना गोणपाटाखाली असं काही होतं की मी काठापर्यंत दबले. पण होडीला विचारतो कोण?

पुढचं मी बायकांच्या तोंडून ऐकलं. गेणभाऊंच्या नव्या घराची वास्तुशांत होती. अंजनाबाई दारात आल्या आणि उंबऱ्यापाशी खाली वाकल्या.

"भावजी, ही खाच माझ्या सासऱ्यानं विळा घासून घासून पाडलीया."

गेणभाऊ पुटपुटले, की चिखलात सगळे दगड सारखेच दिसतात, आपलाच समजून आणला.

"तुमचा तिथंच हाये, शेवाळ खात."

पाणी मागं लागण्याआधी दगड परत न्यायला हवा होता, आणि भरल्या होडीला सांभाळणं अमृतच्या हातचं नव्हतं. गेणभाऊंनी स्वतः वल्हं आणून रविंद्रपुढं धरलं. त्यानं ते लगेच घेतलं नाही. आधी अंजनाबाईंना हात देऊन बसवलं.

"या गेणभाऊ. काकी घरच्या हायेत, दगड बी घरचा. आज पावणं तुमीच."

मित्रांनो, पावसाआधी माझ्या फटी डांबरानं भरा, एवढंच मागणं. आणि कुणाच्या हातातलं वल्हं काढण्याआधी एकदा आपल्या दारात वाकून बघा.